जुन्या टोपोशीटवरून मोगलाईची हद्द कशी शोधायची

बार्शी, करमाळा, परांडा या पट्ट्यात फिरताना आज फक्त जिल्हा बदलतो, पण सप्टेंबर १९४८ पर्यंत इथे राज्य बदलायचं, एका बाजूला इंग्रजांचा (१९४७ नंतर भारताचा) सोलापूर जिल्हा आणि दुसऱ्या बाजूला निजामाची मोगलाई. ती हद्द जुन्या नकाशावरून जमिनीवर नीट शोधता येते. फक्त "स्कॅन डाउनलोड करा आणि गुगल अर्थवर ताणून बसवा" हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्याने तुम्ही भलत्याच शिवारात जाऊन उभे राहाल.

टोपोशीट म्हणजे गावं, रस्ते, टेकड्या, हद्दी दाखवणारा तपशीलवार सरकारी नकाशा. ते शीट सर्व्हे ऑफ इंडियाचं जुनं एक इंचीच घ्या, म्हणजे १ इंचाला १ मैल. नंबर काढायला ४७ नंबरचं मोठं शीट धरा (अक्षांश १६ ते २०, रेखांश ७२ ते ७६), त्याचे ए ते पी असे १६ भाग आणि प्रत्येक भागाचे परत १६. अक्षरं आणि आकडे वरून खाली मोजायचे, आडवे नाही, त्यामुळे बार्शी येते ४७ एन/१२ वर. आजचं १:५०,००० चं शीट सर्व्हेच्या पोर्टलवर फुकट मिळतं, तेही तुलनेला ठेवा. आणि मार्जिन कापलेलं स्कॅन मिळालं तर सरळ सोडून द्या.

मार्जिनवर एवढा जोर का, कारण आता खरं अवघड काम येतं, नकाशा आजच्या जमिनीवर बसवण्याचं, आणि माझे सगळ्यात जास्त तास इथेच गेलेत. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये जिओरेफरन्सर (स्कॅन जमिनीवर बसवायचं साधन) उघडला की सगळे पहिल्यांदा चार कोपऱ्यांचे छापील अक्षांश-रेखांश भरतात. असं करू नका. एकोणिसाव्या शतकातल्या बऱ्याच नकाशांवर खाली बारीक अक्षरात सूचना असते की रेखांश मद्रास वेधशाळेच्या जुन्या, चुकीच्या रेखांशावर आधारलेत आणि त्यातून २ मिनिटं २७ सेकंद वजा करा. आपल्या अक्षांशावर हा फरक सव्वाचार किलोमीटरच्या वर जातो, म्हणजे अख्खं गाव शेजारच्या गावावर जाऊन बसतं! नंतरच्या शीटवर ही भानगड नसली तरी ती एव्हरेस्टच्या गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराचं जुनं गणित) काढलेली आहेत आणि तुमचा जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या नव्या गणितावर चालतो, त्यामुळे शंभर-दोनशे मीटर तरी इकडेतिकडे होतंच, आणि हद्द नाल्यातून जात असेल तर तेवढ्यात काठ बदलतो.

म्हणून कोपऱ्यांऐवजी जुन्या शीटवर आणि आज जमिनीवर दोन्हीकडे सापडतील अशा खुणा घ्या, आठ-दहा तरी, आणि शीटभर पसरलेल्या. टेकडीवरचा त्रिकोण म्हणजे ट्रिग स्टेशन, सर्व्हेने मोजणीसाठी पक्का केलेला बिंदू, ही सगळ्यात भरवशाची खूण, वर गेलात तर दगडात कोरलेलं वर्तुळ आणि मधला ठिपका कधीकधी अजून दिसतो. परांड्यासारख्या किल्ल्याचे बुरूज उत्तम. जुनी देवळं चालतील, पण जीर्णोद्धारात जागा हलली नाही ना हे गावात विचारून घ्या. नदीचं वळण अजिबात नको, पात्र सरकतं. रेल्वेही नको, बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज जाऊन ब्रॉडगेज आली, तेव्हा रूळ जुन्याच जागी असतील असं धरून चालू नका.

ट्रान्सफॉर्मेशनमध्ये, म्हणजे नकाशा बिंदूंवर कोणत्या रीतीने बसवायचा त्या पर्यायात, पॉलिनॉमियल १ ठेवा. थिन प्लेट स्प्लाइन वापरा असं बरेच जण सांगतात, कारण त्यात एरर शून्य दिसते, पण ती शून्य दिसते कारण नकाशा तुमच्या प्रत्येक बिंदूवर जबरदस्तीने ओढला जातो, चुकीच्या बिंदूवरसुद्धा! पॉलिनॉमियलमध्ये चुकलेला बिंदू तक्त्यात मोठा आकडा घेऊन लगेच उठून दिसतो. तो पटकन डिलीट करू नका, आधी बघा की देऊळ तेच आहे का, बुद्रुकचं देऊळ खुर्दला तर नाही लावलं.

एकदा नकाशा बसला की वाचन सोपं आहे. सर्व्हेचं साल आणि छपाईचं साल वेगळं असतं, सर्व्हेचं धरा. उंच्या फुटात आहेत. हद्दीची तुटक रेघ धरून हळूहळू पुढे जा आणि दोन्ही बाजूंचे रस्ते बघा, कुठे पक्क्या रस्त्याची जोडरेघ हद्दीपर्यंत येऊन पुढे नुसती गाडीवाट होते, कुठे पोलीस ठाण्याचं पीएस हद्दीला चिकटून आहे. निजामाचं जकातीचं खातं, करोडगिरी, स्वतंत्र होतं, त्यामुळे माल न्यायच्या वाटेवर नाक्याची जागा कुठे असेल याचा अंदाज इथूनच बांधता येतो. सीनेवर कोळेगावच्या धरणामागे जुनं पात्र पाण्याखाली गेलंय, तिथला काठ आता जुन्या शीटवरच बघायला मिळेल. एका राज्याचं गाव चहूबाजूंनी दुसऱ्याच्या मुलखात अडकलेलं दिसलं तर ती छपाईची चूक समजू नका, अशी गावं खरंच होती आणि १९५० च्या आदेशाने ती आसपासच्या राज्यांत सामील केली.

मग प्रत्यक्ष जा, उन्हाळ्यात, पिकं निघाल्यावर. म्हाताऱ्या माणसांना "बॉर्डर कुठे होती" विचारू नका, "मोगलाई कुठनं लागायची" असं विचारा, बांधापर्यंत घेऊन जातील. त्यांनी दाखवलेली जागा आणि शीटवरची रेघ जुळली नाही तर दोन्ही नोंदवून ठेवा आणि तहसीलमध्ये पडताळा. मराठवाड्याच्या बाजूला खासरा पत्रक, म्हणजे जमिनीच्या नोंदींचा जुना कागद, मागायचं, त्याआधीचे कागद बहुतेक उर्दूत निघतात, तेव्हा वाचणारा माणूस सोबतच न्या.