उपकारकर्त्या परग्रहवासीयांवरची टाय-इन कादंबरी कशी लिहावी

एखाद्या मालिकेच्या किंवा चित्रपटाच्या विश्वात घडणारी, पण पडद्यावर न दाखवलेली कथा सांगणारी कादंबरी म्हणजे टाय-इन कादंबरी. विज्ञानकथेत या प्रकाराला मोठी परंपरा आहे आणि त्यातही ‘भले करण्यासाठी आलेले परग्रहवासी राज्यकर्ते’ हा विषय वारंवार येतो. ‘स्टार ट्रेक’चे जनक जीन रॉडनबेरी यांच्या निधनानंतर त्यांच्या टिपणांच्या आधारे तयार झालेली ‘अर्थ: फायनल कॉन्फ्लिक्ट’ ही मालिका १९९७ ते २००२ या काळात पाच हंगाम चालली. तिच्यातील तेलॉन नावाचे परग्रहवासी भूक, रोगराई आणि युद्धे आटोक्यात आणतात, आणि त्यामागे त्यांचा हेतू काय या संशयावर कथा उभी राहते. या मालिकेच्या विश्वात कादंबऱ्याही निघाल्या. अशा प्रकारची कादंबरी नागपुरात घडवायची असेल तर काय करावे, याविषयीचे हे मार्गदर्शन आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येईल. मालिकेतील पात्रे आणि कथाविश्व हक्कधारकाचे असते, त्यामुळे परवानगीशिवाय असे पुस्तक छापून विकू नये. परवानगी मिळाली तरी बहुधा आधी आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो, आणि पुस्तकाचा प्रताधिकारही पुष्कळदा हक्कधारकाकडेच राहतो. सरावासाठी लिहिणाऱ्याने स्वतःचेच एक मालिकाविश्व कल्पून त्याचे नियम आधी लिहून काढावेत आणि मग ते परक्याचे आहेत असे समजून काटेकोरपणे पाळावेत.

नियमांपैकी सर्वांत जाचक नियम असा की मालिकेतल्या मुख्य पात्रांना तुम्ही मारू शकत नाही, त्यांची लग्ने लावू शकत नाही आणि पुढच्या हंगामात उघड होणारे गुपितही त्यांना आधी कळू देऊ शकत नाही. म्हणून नायक किंवा नायिका तुमचीच असावी आणि जागाही कॅमेरा न पोहोचलेली निवडावी. परग्रहवासीयांचे दूतावास मालिकेत मोठ्या राजधान्यांत असतात. नागपूरच्या झीरो माईल स्तंभाजवळ त्यांचे उपकार्यालय उघडले तर काय होईल, हे तिथे कोणी विचारलेले नसते आणि तुम्हाला रान मोकळे मिळते.

आता मुख्य कामाकडे वळू. उपकार खरा असला पाहिजे. पुष्कळ नवे लेखक तिसऱ्याच प्रकरणात मुखवटा ओढून काढतात आणि खालचा राक्षस दाखवून मोकळे होतात. त्यानंतर वाचकाला ठरवण्यासारखे काहीच उरत नाही. ‘राहू द्या की यांना’ असे वाचकाला निदान शंभर पाने मनापासून वाटले पाहिजे. त्यासाठी देणगी नेमकी हवी. ‘त्यांनी शेती सुधारली’ असे लिहू नये. काटोल-नरखेडच्या संत्राबागांवर येणारा कोळशी किंवा डिंक्या रोग त्यांच्या एका फवारणीने नाहीसा होतो, ज्या शेतकऱ्याने बाग तोडायची ठरवली होती त्याच्या घरी मृगबहाराचे, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला धरलेल्या फळांचे, पैसे येतात, आणि मुलीचे शिक्षण थांबत नाही, असे लिहावे. मग पुढच्या हंगामात कळावे की फवारलेल्या झाडाच्या डोळ्यापासून नवे कलम बांधले तर ते जगत नाही, आणि रोपे त्यांच्याच रोपवाटिकेतून घ्यावी लागतात. रोपे फुकट असतात. नोंदणी मात्र करावी लागते. कथेतली भीती या नोंदणीच्या अर्जात ठेवावी, शस्त्रांत ठेवू नये.

सत्ता सौम्यपणे कशी हातातून जाते याचा नमुना नागपूरकराला बाहेर शोधावा लागत नाही. मे १८१६ मध्ये नागपूरच्या अप्पासाहेब भोसल्यांनी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला, तेव्हा ते संरक्षणच मानले गेले. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली, अप्पासाहेब पदच्युत झाले आणि अल्पवयीन तिसरे रघुजी गादीवर आले. राजा लहान म्हणून रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रज प्रतिनिधी, रिचर्ड जेंकिन्स कारभार पाहू लागला. त्याने या मुलखाविषयी लिहिलेला १८२७ चा अहवाल आजही अभ्यासकांना उपयोगी पडतो. डिसेंबर १८५३ मध्ये रघुजी निपुत्रिक वारले, दत्तकाचा हक्क नाकारला गेला, राज्य खालसा झाले आणि भोसल्यांचे जडजवाहीर कलकत्त्यात लिलावाला गेले. गव्हर्नर-जनरल डलहौसीच्या युक्तिवादात इथल्या कापसाचाही विचार होता. १८६७ मध्ये रेल्वे नागपुरात पोहोचली, तीही खरीच सोय होती.

हा क्रम कादंबरीत जसाच्या तसा उतरवू नये, कारण रूपक फार उघड झाले की कथा निबंध होते. त्यातली यंत्रणा तेवढी घ्यावी: आधी संरक्षण, मग अल्पवयीन वारसाच्या वतीने कारभार, मग वारसाचाच प्रश्न. तुमच्या परग्रही प्रतिनिधीला जेंकिन्ससारखे अभ्यासू करावे. त्याला नाग नदीच्या पुराची नोंद ठाऊक असावी, हिवाळी अधिवेशनात कोणत्या मोर्चाला काय उत्तर द्यायचे हेही ठाऊक असावे. तो धमकी देत नाही, तो विचारतो, ‘आपण यातले काय परत करू इच्छिता?’ आणि देणग्यांची यादी पुढे ठेवतो. त्याने पुस्तकी, निर्दोष मराठी बोलावे. समोरच्या, महाल या जुन्या वस्तीतल्या बाईने हिंदी मिसळलेल्या नागपुरी बोलीत उत्तर द्यावे. संवादातला ताण निम्मा तिथेच तयार होतो.

याहून अवघड पात्र म्हणजे त्यांना साथ देणारा स्थानिक माणूस. भोसले राजघराण्यातील बाकाबाई यांनी १८५७ मध्ये इंग्रजांची बाजू घेतली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मिरवणुकीने निघणारा काळ्या मारबतीचा पुतळा हे त्यांचेच प्रतीक आहे, असे शहरात सांगितले जाते. तुमच्या कथेतल्या सहकार्य करणाऱ्या व्यक्तीला असे एका रंगात रंगवू नये. तिच्याजवळ हिशेब असावा: किती घरे वाचतील, उठाव फसला तर पहिल्यांदा कोणाची जातील. तिच्या बाजूचे एक संपूर्ण प्रकरण लिहावे आणि त्यात लेखकाने तिच्याशी वाद घालू नये.

मारबतीचा प्रसंग मात्र सोडू नये. मिरवणुकीतल्या बडग्यांत, म्हणजे मारबतीबरोबरच्या पुरुषी पुतळ्यांत, ज्यांच्यावर लोकांचा राग असतो त्यांची सोंगे निघतात आणि ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ अशी आरोळी उठते. परग्रही प्रतिनिधीचा बडगा निघाला तर सत्ता काय करील? लाठीमार झाला तर ती साधी जुलमी सत्ता ठरते आणि तुमचा विषयच संपतो. त्यांनी परवानगी द्यावी, मिरवणुकीच्या मार्गावर पाण्याची सोय करावी, बडगा बनवणाऱ्या मंडळाला अनुदानही देऊ करावे. मंडळाच्या बैठकीत ते अनुदान घ्यायचे की नाही यावर जी भांडणे होतील, ती सविस्तर लिहावीत. माझ्या मते संपूर्ण कादंबरीचा मध्य हाच आहे, आणि त्याला तीस पाने दिली तरी हरकत नाही.

शेवटी मालिकेचे विश्व जसे मिळाले तसे परत करावे लागते. परग्रहवासी जात नाहीत, त्यांचे गुपित फुटत नाही. बदलते ते तुमच्या पात्रापुरते: बागाईतदाराने नोंदणी रद्द केली, किंवा मंडळाने अनुदानाचा अर्ज भरला. हस्तलिखित पाठवण्यापूर्वी मालिका पाहणाऱ्या एका वाचकाला आणि ती कधीच न पाहिलेल्या दुसऱ्या वाचकाला ते वाचायला द्यावे. पहिला तपशिलातल्या चुका सांगेल. दुसऱ्याला एवढेच विचारावे की परग्रहवासीयांनी राहावे असे त्याला कोणत्या पानापर्यंत वाटत होते. ते पान फार लवकर आले असेल तर देणगीची प्रकरणे पुन्हा लिहावीत.