शिवराईला चिंच लावू नका : तांब्याची जुनी नाणी साफ करताना या चुका टाळा

सांगली जिल्ह्यात वाळवा-पलूसकडे उसाचा खोडवा मोडून रान नांगरलं आणि त्यावर वळवाची एखादी सर पडली, की बांधालगत कधीमधी तांब्याचं नाणं उघडं पडतं. हल्ली डिटेक्टर घेऊन फिरणारी पोरंही दिसतात. नाणं कुणालाही सापडो, घरी आणल्यावर त्याची गत बहुतेक सारखीच होते. देवाची भांडी घासतात तसं ते चिंचेनं नाहीतर पितांबरीनं घासलं जातं.

माझ्या मामांना रानात अशीच एक शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं तांब्याचं नाणं, सापडली होती. गडद हिरवट-तपकिरी, कडेचे ठिपके अर्धे झिजलेले, पण 'राजा'मधला 'रा' बोटाला स्पष्ट लागायचा. मामींनी मोठ्या मायेनं ती चिंचेत भिजवून घासली. "बघ, कशी लखलखली!" म्हणत माझ्या हातावर ठेवली. नाणं नव्या घागरीसारखं गुलाबी झालं होतं आणि 'रा' भिंगाखालीही सापडत नव्हता. शेदोनशे वर्षं मातीत राहिलेल्या तांब्याचा वरचा थर गंजून बदललेला असतो आणि टाकसाळीत उठलेली अक्षरं त्याच थरात उरलेली असतात. आंबट पदार्थ तो थर विरघळवतो आणि त्याच्यासोबत अक्षरंही जातात. लिंबू, व्हिनेगर, सोनाराकडचं तेजाब, सगळ्यांचं काम एकच.

लिंबाला मीठ लावून घासणं तर त्याहून वाईट, कारण मिठात क्लोराइड असतं आणि तांब्याचा खरा वैरी तेच. आपल्या भागात हे नीट समजून घ्यायला हवं. कृष्णाकाठी पाणी जास्त झालेल्या कितीतरी जमिनी क्षारपड झाल्यात. उसाला आपण जे म्युरेट ऑफ पोटॅश टाकतो ते पोटॅशियम क्लोराइडच. अशा रानातून निघालेल्या नाण्याच्या पोटात क्लोराइड मुरलेलं असतं. वरून नाणं ठणठणीत दिसतं, आणि आषाढातली दमट हवा लागली की आतून फुटू लागतं. संग्राहक त्याला 'ब्राँझ डिसीज' म्हणतात.

म्हणून हिरवा रंग दिसला की घाबरू नका, आधी तो कोणता हिरवा आहे ते बघा. गडद, घट्ट, गुळगुळीत, नखानं न निघणारा हिरवा थर नाण्याचं कवच आहे, त्याला हात लावू नका. फिकट पोपटी, भुरभुरीत ठिपका, काडी लावताच पूड पडते आणि खाली खड्डा दिसतो, तो रोग. असं नाणं लगेच वेगळं काढा, ओल शोषणारं सिलिका जेल टाकलेल्या हवाबंद डबीत ठेवा आणि संवर्धनाचं काम करणाऱ्या जाणकाराला दाखवा. त्यावरची रसायनं घरी हाताळण्यातली नाहीत. डबीतली आर्द्रता 40 टक्क्यांच्या खाली राहिली तर हा रोग थोपतो.

मग घरी करायचं काय? फार थोडं. काळी माती वाळली की मऊ ब्रशनं झाडा. उरलेल्या मातीसाठी नाणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवा, बॅटरीच्या दुकानात मिळतं ते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि बोअरच्या पाण्यात क्षार, म्हणून ती दोन्ही नकोत. पाणी रोज बदला. माती सैल झाली की भिंगाखाली बांबूच्या टूथपिकनं हलक्या हातानं काढा. सुई, चाकू, तारेचा ब्रश अजिबात नको. चुनखडीचा खडा घट्ट बसला असेल तर राहू द्या. ओढून काढलात तर खालची अक्षरं सोबत येतील. शेवटी नाणं ॲसिटोनमध्ये बुडवून पूर्ण सुकवा. हे करताना खिडक्या उघड्या हव्यात आणि जवळपास शेगडी नको.

चमक यावी म्हणून खोबरेल लावू नका. तेल खवट होतं, त्यातली आम्लं तांब्याला खातात, वर धूळही बसते. नाणी ठेवायला मऊ पीव्हीसीचे अल्बम स्वस्त पडतात, पण काही वर्षांत त्यांच्यामुळे नाण्यावर चिकट हिरवा लेप येतो. मायलरची, म्हणजे पॉलिस्टर फिल्मची पाकिटं घ्या. रबरबँड नको, आणि नाणं नेहमी कडेनं धरा.

आणखी एक चूक साफसफाईच्या आधीच होते. मातीत सापडलेल्या 10 रुपयांहून जास्त मोलाच्या ठेव्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, तसा 1878 चा कायदा आहे. संरक्षित किल्ला, लेणी, देवळाच्या आवारात परवान्याशिवाय खणणं 1958 च्या कायद्यानं गुन्हा आहे. मडक्यात किंवा एका जागी पुष्कळ नाणी दिसली तर उकरणं तिथेच थांबवा. कुठलं नाणं कुठल्या नाण्याला चिकटलंय, यावरूनच तो ठेवा कधी पुरला ते कळतं, आणि वाटे पाडले की ते गेलंच.

मामांना पुढच्या साली दुसरं नाणं मिळालं, दुदांडी शिवराई, शिवराईचाच एक प्रकार. एका बाजूला अजून माती आहे, 'श्री' तेवढा दिसतो. मामींनी ते कागदाच्या पुडीत बांधून ठेवलंय आणि पुडीवर गट नंबर, तारीख आणि 'विहिरीच्या वरच्या अंगाला' असं लिहिलंय.