आकाशात फॉर्मेशन जुळवायचंय? मग हात सगळ्यात शेवटी

स्कायडायव्हिंगमध्ये फॉर्मेशन म्हणजे पॅराशूट उघडण्याआधी हवेत एकमेकांना धरून केलेला आकार. यूएसपीएचं (अमेरिकेतली पॅराशूट संघटना) ‘ए’ लायसन्स, म्हणजे किमान 25 जंप, पदरात पडलेल्यांसाठी हे लिहितोय. कोर्स चालू असेल तर कोचशिवाय कुणाबरोबरही गटात उडू नका.

‘जंप वाढव, आपोआप जमेल’ हा सल्ला ठाण्या-नवी मुंबईच्या माणसाच्या काही कामाचा नाही. आपल्याकडे ड्रॉपझोन, म्हणजे उड्या मारायचं केंद्र, नाही. नारनौल, दुबई नाहीतर थायलंड गाठायचं, म्हणजे सुट्टी आणि खिसा दोन्ही रिकामे. त्यात 13,000 फुटांवरून उडी मारून 5,500 फुटांवर गट सोडायचा म्हटलं, तर हातात जेमतेम 45 सेकंद उरतात. तिथे जाऊन विचार करत बसायला वेळ नसतो, म्हणून विचार इथेच उरकायचा.

पावसाळ्यात तसंही दुसरं काही होत नाही. गॅरेजवाले गाडीखाली सरकायला वापरतात तशा चाकांच्या फळ्या मिळवा, सोसायटीच्या पार्किंगमध्ये पोटावर झोपा आणि ठरलेले आकार क्रमाने जुळवा. सेक्रेटरींना आधी सांगून ठेवा, नाहीतर घोडबंदर रोडवरच्या आमच्या वॉचमनसारखा तुमचाही वॉचमन ‘साहेब, काही पडलंय का?’ विचारत बसेल. फळीवर क्रम पाठ होतो, उडणं येत नाही. त्यासाठी विंड टनेल हवा, म्हणजे खालून जोराचा वारा सोडून माणसाला तरंगवणारी नळी. आता हैदराबादला आहे, तेव्हा दुबईपर्यंत धावायची गरज नाही.

सोबती निवडताना मात्र भीड बाळगू नका. दोन नवशिके मिळून काहीच शिकत नाहीत, फक्त एकमेकांना शोधत फिरतात. पहिले बरेच जंप अनुभवी माणसाबरोबर, दोघांतच करा. तो एका जागी स्थिर राहील, तुम्ही त्याच्याकडे जायचं. आठ जणांच्या जंपचं आमंत्रण आलं तरी नम्रपणे नाही म्हणा.

एक्झिट, म्हणजे विमानातून बाहेर पडणं, सोपी आहे: दारात ठरलेली मोजणी, छाती येणाऱ्या वाऱ्याला, नजर सोबत्यावर.

आता खरी अडचण, जिथे मी स्वतः सगळ्यात जास्त काळ अडकून होतो: समोरच्यापर्यंत पोचून त्याला धरणं. ठाण्यातली बरीच मुलं गोविंदा पथकातून आलेली असतात आणि त्यांना हे आणखी जड जातं. थर लावताना खांद्यावरचा हात भार घेतो, तो घट्टच लागतो. आकाशातला हात काहीच भार घेत नाही. तिथली ग्रिप म्हणजे दोघं एकाच वेगाने, एकाच पातळीवर उडताहेत याची नुसती खूण. पातळी जुळलेली नसताना धरलेला हात अख्खं फॉर्मेशन वाकडं करतो.

त्यामुळे आधी पातळी. समोरच्याची पाठ आणि पॅराशूटची पिशवी दिसली तर तुम्ही वर आहात. पोट दिसलं तर खाली. त्याचा चेहरा आणि त्यामागे क्षितिज एका रेषेत आलं की बरोबर. वर असाल तर कंबर खाली ढकलून आर्च (शरीराची कमान) वाढवा, वेग वाढेल. खाली असाल तर छाती आत घ्या, हातपाय पसरा. पातळी साधेपर्यंत पुढे सरकायचंच नाही. वर राहून त्याच्या पाठीवरून जाणं तर सर्वांत वाईट: त्याच्या वरची हवा विस्कटलेली असते, तिचा आधार मिळत नाही आणि तुम्ही थेट त्याच्या अंगावर कोसळता. जमिनीकडे दोघंही ताशी सुमारे 190 किलोमीटरने जात असलात तरी खरी धडक बसते ती तुमच्या दोघांतल्या वेगाच्या फरकाची, आणि तेवढी हाड मोडायला पुरते.

पातळी जमली की आठ-दहा फुटांवर थांबा. खरंच थांबा, नुसतं हळू होऊ नका. मग पाय सरळ करा. पाय लांबवले की शरीर पुढे सरकतं, गुडघे वाकवले की थांबतं. हात जिथे होते तिथेच. नवशिक्याचा हात इथेच पुढे जातो, आणि तसं झालं की पुढच्या बाजूला वारा जास्त अडतो, डोकं वर उचललं जातं आणि माणूस मागे सरकतो. म्हणजे जितकं धरायला जावं तितकं अंतर वाढतं. एकच हात पुढे गेला तर शरीर वळतं, हे वर व्याज. ‘अजून थोडा हात लांब कर’ असं शिकवणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका.

ग्रिपची जागा आपोआप हाताखाली येईल इतकं जवळ जा आणि मग बोटं मिटा. नजर ग्रिपवर नाही, समोरच्याच्या डोळ्यांवर. धरल्यावरही पाय चालूच ठेवा. पाय ढिले सोडलेला माणूस दुसऱ्याच्या हाताला लटकतो आणि व्हिडिओत ते लपत नाही.

हलकी माणसं वजनाचा पट्टा बांधतात, जड माणसं सैल सूट घालतात. दोन्ही उपाय ठीक, पण पातळी ओळखता येत नसेल तर पट्टा काही करणार नाही.

फॉर्मेशनच्या खाली गेलात आणि वर येता येत नसेल तर त्यांच्या बरोबर खाली राहू नका. बाजूला सरका, त्यांना नजरेत ठेवा आणि ठरलेल्या उंचीपर्यंत थांबा. वर माणसं असताना आधीच पॅराशूट उघडणं धोक्याचं आहे. आणि ब्रेक-ऑफची, म्हणजे गट सोडायची, उंची आली की आकार अर्धवट असला तरी सोडायचा: 180 अंशांत वळा, सरळ रेषेत दूर ट्रॅक करा (आडवं सरकत गटापासून लांब जा), हात हलवून इशारा द्या, उघडा. ‘एक सेकंद, जमतंय’ म्हणणाऱ्याबरोबर मी दुसऱ्यांदा उडत नाही.