पहिला रोल, छत्तीस फोटो आणि एक वही

माझ्या कॅमेऱ्याच्या पिशवीत लेन्स एकच आहे, ५० मिलिमीटरची. वह्या मात्र आजवर सात भरल्या. फिल्मवर फोटो काढायला शिकायचं ठरवलं असेल, तर कॅमेऱ्याच्याही आधी खिशात मावेल अशी एक वही आणि पेन्सिल घ्या, असं मी अगदी मनापासून सांगते. डिजिटल कॅमेरा शटर (उजेड किती वेळ आत येऊ द्यायचा ते ठरवणारा पडदा), ॲपर्चर (लेन्समधलं लहानमोठं होणारं उजेडाचं भोक), वेळ सगळं आपणहून टिपून ठेवतो. फिल्म काहीच टिपत नाही. रोल भरायला महिना लागतो, धुऊन यायला आणखी काही दिवस, आणि मग अकरावा फोटो का बिघडला हे कितीही आठवलं तरी आठवत नाही.

कॅमेरा ३५ मिलिमीटर फिल्मचा, सगळं हाताने लावता येणारा एसएलआर, म्हणजे लेन्समधूनच समोरचं दाखवणारा घ्या. पेंटॅक्स के१००० हा १९७६ साली आला आणि १९९७ पर्यंत बनत राहिला. शिकायला याहून सरळ कॅमेरा मी पाहिलेला नाही. त्याला सेल लागतो तो फक्त लाईट मीटरसाठी, म्हणजे उजेड मोजायला; सेल संपला तरी शटर चालतंच. निकॉन एफएम२ही तसाच. कॅनन एई-१ देखणा आहे, पण त्याचं शटर विजेवर चालतं, त्यामुळे सेल गेला की कॅमेरा गप्प.

हे सगळे आता जुनेच मिळतात, म्हणून घेण्याआधी हातात घेऊन तपासा. मागचं झाकण उघडा, शटर एक सेकंदावर लावा, बटण दाबा आणि कान द्या. शटर मध्येच अडकत असेल तर कळतं. लेन्समधून टॉर्चचा उजेड आरपार टाका. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, तो नग सोडून द्या. झाकणाच्या खोबणीतला काळा फोम बोटाला डांबरासारखा चिकटत असेल तर तो बदलून घ्यावा लागेल, नाहीतर तिथून उजेड शिरतो आणि फोटोंवर पट्टे उमटतात. आणखी एक गोष्ट विचाराच: सेल कोणता? काही फार जुने कॅमेरे १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालायचे. ते सेल आता बनत नाहीत आणि १.५ व्होल्टचा टाकला तर त्यातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांचं मीटर चुकीचं दाखवतं.

फिल्मच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. पहिले पाच रोल एकाच जातीचे वापरा, ४०० आयएसओचे (फिल्म उजेडाला किती चटकन दाद देते त्याचा हा आकडा), कृष्णधवल: इलफर्ड एचपी५ प्लस किंवा कोडॅक ट्राय-एक्स. रंगीतच हवं असेल तर कोडॅक गोल्ड २००. मुदत संपलेला रोल सुरुवातीला नको. फोटो बिघडला तर चूक आपली की फिल्मची, हे कळायला मार्गच उरत नाही.

आता रोल भरणं. इथे घाई करू नका.

माझा पहिला रोल पूर्ण कोरा निघाला होता. छत्तीस वेळा फिल्म पुढे नेणारा लिव्हर ओढला, छत्तीस वेळा शटर वाजलं, वरचा फोटो मोजणारा आकडाही एक-एक पुढे सरकत गेला. पण फिल्मचं टोक उजवीकडच्या चाकात नीट अडकलंच नव्हतं, त्यामुळे फिल्म जागची हलली नाही. आकडा लिव्हरबरोबर सरकतो, फिल्म सरकली की नाही याचा त्याला पत्ता नसतो.

म्हणून असं करा. थेट उन्हात नको, सावलीत बसा. डबी डाव्या खाचेत बसवा, रिवाइंडची खुंटी खाली दाबा. टोक उजव्या चाकाच्या फटीत घाला आणि झाकण उघडं ठेवूनच लिव्हर एकदा ओढा. फिल्मच्या दोन्ही काठांची भोकं दातऱ्यांत बसलेली डोळ्यांनी पाहा. झाकण लावा. त्या खुंटीवरची छोटी मूठ बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून फिल्मची ढील काढा, अडेल तिथे थांबा. आता पुढचे दोन फोटो ओढताना नजर त्या मुठीवर ठेवा. लिव्हर ओढला की मूठ आपोआप फिरली पाहिजे. फिरली, तर रोल खरंच पुढे जातोय. नाही फिरली, तर झाकण उघडा आणि पुन्हा भरा. आयएसओचा आकडा डायलवर लावायचा आणि वहीत रोलचा क्रमांक लिहायचा, की तयारी झाली. रोल संपल्यावर खालचं बारीक बटण दाबून त्याच मुठीने फिल्म डबीत परत गुंडाळायची. त्याआधी झाकण उघडलं तर काढलेले फोटो उजेडाने जातात. सरावासाठी एक वाया गेलेला रोल जवळ ठेवा आणि त्यावर दहा वेळा भरणं-गुंडाळणं करा.

उजेडाचा अंदाज मीटरशिवायही बांधता येतो. लख्ख उन्हात ॲपर्चर एफ १६ (एफचा आकडा जितका मोठा, तितकं भोक लहान) आणि शटर आयएसओच्या आकड्याच्या जवळचं, म्हणजे ४०० च्या फिल्मला १/५०० सेकंद. ऊन विरळ ढगांतून येत असेल तर एफ ११, ढगाळ असेल तर एफ ८, आभाळ भरून आलं की एफ ५.६, उन्हाच्या दिवशी मोकळ्या सावलीत एफ ४. रोज बाहेर पडताना हा आकडा मनात म्हणा, मग मीटरमध्ये पाहा. दोन आठवड्यांत डोळा तयार होतो. हात स्थिर नसेल तर ५० च्या लेन्सवर १/६० च्या खाली जाऊ नका.

मीटरची सुई मधोमध आली की त्याच्या मते उजेड बरोबर. पण ते कुठे फसतं ते माझ्या वहीतच आहे. ‘रोल ३, फोटो ११. बाबा खिडकीपाशी वाचताना. एफ ५.६, १/२५०. सुई मधोमध.’ फोटोत खिडकी सुरेख आली आणि बाबांचा चेहरा काळोखात गेला. मीटर समोरचं सगळं मिळून मध्यम करडं धरतं. खिडकीचा उजेड पाहून त्याने उजेड कमी करायला सांगितला आणि मी ऐकलं. रोल ४ मध्ये पुन्हा तीच खिडकी. या वेळी जवळ गेले, चौकटीत फक्त चेहरा घेतला, सुई जुळवली तेव्हा १/६० आलं. मागे सरकले, सुई वर उडाली, तिकडे लक्ष दिलं नाही. चेहऱ्यावरच्या सुरकुत्यासुद्धा उमटल्या. निगेटिव्ह फिल्मला (जिच्यावर उजेड-अंधार उलटे उमटतात) थोडा जास्त उजेड चालतो, कमी चालत नाही; सावलीत जे उमटलंच नाही ते नंतर कुणालाही काढता येत नाही. शंका आली तर एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड द्या.

प्रत्येक फोटोला एवढंच लिहा: क्रमांक, समोर काय, ॲपर्चर, शटर, मीटर कशावर धरलं. विमानप्रवासात रोल हातातल्या पिशवीत ठेवा आणि ते हाताने तपासायची विनंती करा. नव्या सीटी स्कॅनरमधून गेलेली फिल्म धुरकट होऊ शकते.

रोल धुवायला देताना निगेटिव्ह परत हवेत हे आधीच सांगा. घरी धुणं आनंदाचं काम आहे, पण ते दहाव्या रोलनंतर.

निगेटिव्ह हातात आले की स्कॅनच्या आधी ते पांढऱ्या पडद्यासमोर धरा आणि काठ वाचा. फिल्मचं नाव आणि क्रमांक कारखान्यातच उजेडाने टाकलेले असतात. धुतल्यावर ते दिसू लागतात. काठावरची अक्षरं ठळक आणि फोटो फिकट, तर उजेड तुम्ही कमी दिला. अक्षरंही फिकट, तर धुण्यात कमी पडलं. अक्षरं स्वच्छ आणि मध्ये एकही चौकट नाही, तर फिल्म बहुधा पुढे सरकलीच नाही. माझ्या त्या कोऱ्या रोलचा दोष मी बरेच दिवस धुणाऱ्यालाच देत होते. नंतर एकदा ती पट्टी खिडकीशी धरली, तर काठावर १ पासून ३६ पर्यंतचे आकडे कोरल्यासारखे स्पष्ट होते.

ती पट्टी मी पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवली आणि खाली लिहिलं: ‘रोल १. मूठ फिरली नाही.’