डोळ्याच्या सुईचं डिझाइन: या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबागेत मायक्रॉनमध्ये काम करणाऱ्यांची वानवा नाही. तरी डोळ्याच्या सुईचं, म्हणजे डोळ्याच्या ऑपरेशनमध्ये टाके घालायच्या सुईचं, सँपल समोर आलं की तीच रड: टोक झकास, बाकी सगळं रामभरोसे.

सगळ्यात महागात पडते ती छेदाची, म्हणजे सुई आडवी कापल्यावर दिसणाऱ्या आकाराची, चूक. कातडी शिवायच्या रिव्हर्स कटिंग सुईचं ड्रॉइंग घ्यायचं, लहान करायचं, झाली डोळ्याची सुई! त्या सुईची तिसरी धार वाकाच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे खालून असते. सुई पुढे सरकते तशी ती खोल कापत जाते. कातडीला फरक पडत नाही. पण तिरळेपणाच्या ऑपरेशनमध्ये स्नायू स्क्लेराला, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या बाहेरच्या थराला, शिवतात आणि स्नायू चिकटतो त्याच्या लगेच मागे स्क्लेरा जेमतेम ०.३ मिमी जाड असतो. हात स्थिर असला तरी खालची धार आरपार जाऊ शकते, मग रेटिनाला भोक. बोल लागतो सर्जनला, चूक असते ड्रॉइंगची. इथे स्पॅट्युला छेदच हवा: वर-खाली सपाट, धार दोन्ही बाजूंना. अशी सुई स्क्लेराच्या थरांच्या मधून सरळ सरकते आणि नीडल होल्डरमध्ये गरकन फिरतही नाही.

दुसरी खोड, धारेसाठी स्टील नको तितकं कडक करायचं. ४२० ग्रेडसारखं मार्टेन्सिटिक (तापवून कडक करता येणारं) स्टेनलेस स्टील हार्डनिंगनंतर ठिसूळ असतं. टेंपरिंगचा, म्हणजे पुन्हा बेताने तापवून ठिसूळपणा कमी करण्याचा, वेळ वाचवणाऱ्यांनी या धंद्यात येऊच नये. सुई तुटण्याआधी वाकली पाहिजे. वाकलेली बदलता येते, तुटलेला तुकडा मात्र मायक्रोस्कोपखाली डोळ्यात शोधत बसावं लागतं.

इलेक्ट्रोपॉलिश (विजेच्या साहाय्याने द्रावणात पृष्ठभाग गुळगुळीत करणं) चकाकीसाठी लांबवू नका, आधी टोकच झिजतं.

दोरा बसवताना घाई नको. १०-० जाडीच्या नंबरचा नायलॉन दोरा २० ते २९ मायक्रॉनचा, सुई साधारण १५० मायक्रॉनची. दोरा बसतो ते सुईचं बूड जास्त दाबलं तर दोरा कापला जातो, कमी दाबलं तर निसटतो. प्रत्येक लॉटमधल्या काही सुया ओढून बघायच्याच.

पहिल्या टोचणीला किती जोर लागला तो आकडा दाखवून खूश होणारे तर पैशाला पासरी. सुईवरचा सिलिकॉनचा गुळगुळीत थर घासला गेल्यावर काय होतं ते बघा: त्याच सुईने पातळ पॉलियुरेथेनमधून वीस टोचण्या, पहिली, दहावी आणि विसावी मोजायची. मगच बकऱ्याचा डोळा. तो त्याच दिवशीचा आणा, शिळा मऊ पडतो. सिरिंजने सलाइन भरून बोटाला घट्ट लागू द्या आणि सुई चिमटीत न धरता, बुडापासून एक तृतीयांश अंतरावर नीडल होल्डरने पकडून टोचा.