क्वांटमच्या वहीतून तोफेच्या हिशोबाकडे

एम.एस्सी.चा निकाल लागला की ओळखीपाळखीतल्या मुलामुलींचे मला फोन सुरू होतात. "ताई, फिजिक्स केलं, आता पुढे काय? क्वांटममध्ये काही स्कोप आहे का?" आहे की. केंद्र सरकारनं २०२३ साली राष्ट्रीय क्वांटम मिशनला सहा हजार कोटींहून जास्त रक्कम मंजूर केली, तेव्हापासून तर सगळ्यांना तेच हवंय. मीही बार्शीहून पुण्याला आले ती क्वांटमच करायचं म्हणून. आणि गेली नऊ वर्षं काय करतेय, तर फायर कंट्रोलचं सॉफ्टवेअर लिहितेय. लक्ष्य कुठे आहे, वारा कसा आहे, तोफेची दारू किती गरम आहे हे सगळं जमेस धरून तोफेची नळी कुठे रोखायची ते सांगणारा हिशोब. इकडे यावं असं वाटणाऱ्यांसाठी हे लिहितेय.

सुरुवात मुलाखतीपासून करते, कारण माझी शोभा तिथेच झाली. हायड्रोजनचा अणू, पर्टर्बेशन थिअरी, सगळं घोकून गेले होते. समोर तिघे, त्यात एक तोफखान्यातून निवृत्त झालेले कर्नल. त्यांनी विचारलं, "८०० मीटर प्रति सेकंद वेगानं ४५ अंशांत गोळा सोडला, तर किती लांब जाईल?" हे तर अकरावीचं! वेगाचा वर्ग भागिले जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण. मी ऐटीत सांगितलं, "साधारण ६५ किलोमीटर."

"बोफोर्सचा साधा गोळा २४ किलोमीटरच्या आसपास पडतो. बाकीचे एक्केचाळीस कुठे गेले?"

"हवेत, सर."

"किती हवेत?"

मी गप्प. मग समोरच्या तिघांतल्या बाईंनी क्वांटमचा प्रश्न विचारला, तेव्हा जरा हायसं वाटलं. "लेझर रेंजफाइंडर, म्हणजे लेझरनं अंतर मोजायचं यंत्र, १.५४ मायक्रॉनवर चालतो, डोळ्याला कमी धोका म्हणून. त्याला सिलिकॉनचा डिटेक्टर का लावत नाहीत?" बँड गॅपवर, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणाऱ्या ऊर्जेच्या फटीवर, मी वीस मार्कांचं उत्तर लिहिलेलं होतं, पण हा प्रश्न त्याचाच आहे हे सुचायला दोन मिनिटं गेली. त्या तरंगलांबीच्या फोटॉनची ऊर्जा ०.८ इलेक्ट्रॉन व्होल्ट, सिलिकॉनची फट १.१२. फोटॉन आला काय नि गेला काय, सिलिकॉनला पत्ताच नाही. म्हणून तिथे लहान फटीचं इंडियम गॅलियम आर्सेनाइड लागतं. माझ्या कामात क्वांटम येतं ते बहुतेक असं, डिटेक्टरच्या दारातून.

नोकरी मिळाली. का मिळाली ते आजही नीट कळलेलं नाही. बहुधा "माहीत नाही" हे वेळेवर म्हटलं म्हणून.

आता त्या एक्केचाळीस किलोमीटरांबद्दल. हवेचा विरोध वेगाबरोबर सरळसोट वाढत नाही. गोळा आवाजाच्या वेगाजवळ आला की विरोधाचा गुणांक एकदम उसळी घेतो, पुढे हळूहळू उतरतो. आणि आवाजाचा वेगही ठरलेला नाही: १५ अंश सेल्सियसला ३४० मीटर, ४० अंशांना ३५५. म्हणजे एकाच गोळ्याचा रस्ता राजस्थानात एक, लडाखमध्ये दुसरा. यासाठी हातात सूत्र नसतं. गोळा कणभर पुढे ढकलायचा, बळं पुन्हा काढायची, पुन्हा ढकलायचा. एनिआक हा संगणक मुळात याच हिशोबासाठी, अमेरिकी सैन्याच्या फायरिंग टेबलांसाठी (कुठल्या अंतराला नळीचा कोन किती, याचे छापील तक्ते), बांधायला घेतला होता. माणसाला टेबलावरच्या कॅल्क्युलेटरवर एका मार्गाला वीसेक तास लागत, एनिआकला ३० सेकंद. गोळा जमिनीवर पडायच्या आत उत्तर हातात! तो जगासमोर आला १९४६ च्या फेब्रुवारीत, तोवर युद्ध संपलं होतं. त्याचं प्रोग्रॅमिंग करणाऱ्या सहा बायका होत्या, हे मला पदवीपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

मी जॉइन झाल्यावर हेच गणित सी प्लस प्लसमध्ये लिहायला दिलं. रुंगे-कुट्टा, म्हणजे असं पायरीपायरीनं पुढे ढकलत गणित सोडवायची रीत, कॉलेजात केलेलं होतं, तीन दिवसांत गोळा उडायला लागला. छापील टेबलाशी पल्ला जुळला. आडव्या वाऱ्याला मात्र माझा गोळा डावीकडे आणि टेबलातला उजवीकडे. चार दिवस मी टाइम स्टेप अर्धी करत बसले, तक्त्याचं इंटरपोलेशन बदललं, कंपायलरवरही संशय घेतला. आमच्याकडे एक माजी हवालदार होते, तोफखान्यात हवामानाचे फुगे सोडायचं काम केलेले. चहा घेता घेता म्हणाले, "मॅडम, पश्चिमेचा वारा तुमच्या कॉम्प्युटरात कुठनं कुठं चाललाय?"

पश्चिमेकडे चालला होता. हवामानाच्या निरोपात दिशा देतात ती वारा जिथून येतो ती. मी ती तशीच उचलून वेगाची दिशा म्हणून घातली होती. पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून येणारा, हे बार्शीत शाळकरी पोरालाही कळतं. एक उणे चिन्ह, चार दिवस.

कोनाचंही तसंच. इथे अंश चालत नाहीत, मिल चालतात. नाटो पद्धतीत वर्तुळाचे ६४०० मिल, सोव्हिएत पद्धतीत ६०००. आपल्याकडे दोन्ही घराण्यांची शस्त्रं आहेत, त्यामुळे फाइल उघडली की आधी मिल कुठले ते बघायचं. मिलची गंमत अशी की एक मिल चुकलात तर एक किलोमीटरवर साधारण एक मीटर चुकता. हे डोक्यात बसलं की अर्ध्या चुका कागदावरच दिसतात.

नव्यानं येणाऱ्यांनी असे आकडे तोंडी करून पाहावेत. पुण्याच्या अक्षांशावरून १८ किलोमीटरवर गोळा टाकला आणि तो मिनिटभर हवेत राहिला, तर नुसत्या पृथ्वीच्या फिरण्यानं तो २५ मीटरच्या आसपास उजवीकडे सरकतो. दोन किलोमीटरवरचा रणगाडा ताशी ३६ किलोमीटरनं आडवा पळतोय, तुमचा बाण (रणगाडा भेदायला तोफेतून सोडतात ती अणकुचीदार कांब) सेकंदाला १७०० मीटरनं जातोय, तरी पोचेपर्यंत रणगाडा बारा मीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे तो जिथे दिसतोय तिथेच नेम धरलात तर बाण मोकळ्या जमिनीत. लेझरच्या वेळेत एक नॅनोसेकंदाची चूक म्हणजे अंतरात १५ सेंटिमीटर, ती सोडून द्या. कुठली चूक सोडायची आणि कुठली धरायची, यातच आमचा निम्मा पगार आहे.

यायचे रस्ते थोडक्यात. नेट किंवा गेट परीक्षेवर डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळांत ज्युनियर रिसर्च फेलो म्हणून जाता येतं. पुण्यात पाषाणला एआरडीई ही शस्त्रास्त्रांची प्रयोगशाळा आहे, गिरीनगरला डायट हे संरक्षण तंत्रज्ञानाचं अभिमत विद्यापीठ. गेटच्या गुणांवर सायंटिस्ट 'बी'ची, म्हणजे डीआरडीओत शास्त्रज्ञाच्या पहिल्या पायरीची, भरती निघते, त्यात इंजिनिअरांच्या जागा जास्त, फिजिक्सच्या कमी. खासगी कंपन्या आता बऱ्याच आहेत, तिथे डिग्रीपेक्षा कोड बघतात. पायथन सगळ्यांनाच येतं. सी प्लस प्लस आणि कालमन फिल्टर (चुकांनी भरलेल्या मोजमापांतून लक्ष्याची खरी जागा नि वेग काढायची रीत) स्वतः लिहिलेला दाखवलात तर समोरचा खुर्चीत सावरून बसतो.

आणि जे कुणी सांगत नाही तेही ऐका. फोन लॉकरमध्ये, दिवसभर. संशोधनाचे पेपर जवळपास छापता येत नाहीत, त्यामुळे पाच वर्षांनी परदेशात पीएच.डी.ला अर्ज करायचा ठरवलात तर बायोडेटात लिहायला काही नसतं. माझ्या मैत्रिणीचं यावरूनच अडलं. घरी काय सांगायचं हाही प्रश्नच. आजीनं एकदा विचारलं, "म्हणजे तू माणसं मारायचं गणित करतेस?" मी म्हटलं, गोळा भलतीकडे पडू नये याचं करते. ती "बरं" म्हणाली आणि भाजी निवडायला लागली. तिला ते पटलं नव्हतं. मलाही पूर्ण पटलेलं असतं असं नाही, आणि हा प्रश्न ज्यांना कधीच पडत नाही त्यांच्यासोबत काम करायला मला थोडं जडच जातं.

पहिल्यांदा रेंजवर, तोफांच्या चाचणीच्या मैदानावर, गेले तो एप्रिल होता. माझा हिशोब तोवर दोन वर्षं टेबलाशी जुळत होता, त्यामुळे मी निवांत. पहिला गोळा गेला. नळीच्या धक्क्यानं पोटात हाललं, मग बराच वेळ काहीच नाही, मग वायरलेसवर निरीक्षकाचा आवाज: दोनशे मीटर पुढे. दुसरा, पुन्हा दोनशेच्या वर. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी लॅपटॉपमध्ये तोंड खुपसलं. हवालदारसाहेब मात्र उठून दारूच्या पेट्यांकडे गेले. पेट्या सकाळपासून उन्हात होत्या. दारू गरम झाली की जोरात जळते, गोळा जास्त वेगानं सुटतो. थर्मामीटर ३८ दाखवत होता. माझ्या फाइलमध्ये टेबलातलं प्रमाण तापमान तसंच पडलं होतं, २१.

२१ खोडून ३८ टाकलं, पुन्हा चालवलं. साठेक मीटर तरीही उरलेच. ते कशाचे, हे शोधायला पुढचे तीन महिने गेले.