कोकणात मोजणी शिकताना: साखळीचा नकाशा आणि उपग्रहाचे आकडे

आयटीआयचा सर्वेक्षक ट्रेड किंवा स्थापत्य पदविका करून मोजणीत आलेल्या मुलाच्या हाताला टोटल स्टेशन (कोन आणि अंतर एकत्र मोजणारं यंत्र) लवकर बसतं. वेळ लागतो तो जुनी कागदपत्रं वाचायला. भूकरमापकाची (सरकारी जमीन मोजणाऱ्याची) परीक्षा द्यायची असो की खासगी काम करायचं असो, सुरुवात तिथूनच करा.

गुंठा म्हणजे 33 फूट लांब, 33 फूट रुंद जागा. जुन्या मोजणीतली शंकू साखळीही 33 फुटांचीच, 16 आण्यांची. एक आणा म्हणजे 2 फूट पाऊण इंच, जवळपास 63 सेंटीमीटर. अशा साखळीने घेतलेल्या टिपणावरून (मापांच्या जुन्या नोंदीवरून) आज दोन सेंटीमीटरसाठी हट्ट धरणं चूक आहे, आणि हे शेजाऱ्यांना शांतपणे समजावून सांगणं आपल्याच कामाचा भाग आहे. त्यातून कोकण उताराचं. पाच फुटांना एक फूट चढ असेल आणि साखळी जमिनीलगत ओढली असेल, तर 100 मीटरचं माप आडवं धरल्यावर 98 मीटर भरतं. वरकस (डोंगरउताराच्या) जमिनीत क्षेत्र जुळत नसेल तर आधी ही शंका घ्या.

गावनकाशा स्कॅन करून क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवताना निर्देशांक प्रणाली यूटीएम 43 उत्तर, म्हणजे ईपीएसजी क्रमांक 32643 ठेवा. अख्खी किनारपट्टी याच पट्ट्यात येते. कागद दमटपणाने ताणला जातो, म्हणून प्रमाणपट्टी आडवी-उभी दोन्हीकडे मोजून पाहा. जुळवणीचे बिंदू आठ-दहा घ्या आणि ते नकाशाच्या चारही कोपऱ्यांत पसरलेले असू द्या. तीन शिवा मिळतात तिथला दगड, जुनं देऊळ, न हललेला गडगा (दगडी कुंपण) चालेल. पऱ्याचं (ओढ्याचं) वळण घेऊ नका, पावसाळ्यागणिक ते सरकतं. तीनच बिंदूंवर प्रथम घाताचं (नकाशा न वाकवता बसवणारं) रूपांतर केलं तर चूक शून्य दिसते. पण ती जुळणी खरी नसते, तपासायला जास्तीचा बिंदूच उरलेला नसतो. चूक मोठी आली म्हणून वरचा घात निवडून नकाशा पिळू नका. चुकलेला बिंदू शोधा.

आता जागेवर. आंबा-माडाखाली आरटीके रोव्हर (उपग्रहावरून जागा सांगणारं यंत्र) 'फ्लोट'वर, म्हणजे कच्च्या आकड्यावर अडकतो. कधी 'फिक्स', म्हणजे पक्का आकडा दाखवतो, पण पानांवरून उसळलेल्या लहरींमुळे आकडा खोटा असतो. म्हणून उघड्या सड्यावर (कातळाच्या माळावर) दोन नियंत्रण बिंदू घ्या आणि बागेत टोटल स्टेशनने शिरा. टोटल स्टेशनची दिशा याच दोन बिंदूंवरून ठरते; ते एकमेकांपासून किती लांब असावेत, इथे नवखे हमखास चुकतात. बिंदू 20 मीटरवर असतील आणि त्यात 2 सेंटीमीटरची चूक असेल, तर 100 मीटरवरचा कोपरा 10 सेंटीमीटर सरकतो. तेच बिंदू 150 मीटरवर ठेवले तर ही सरक दीड सेंटीमीटरच्या आत राहते.

कातळावर तिपाईचे पाय रुतत नाहीत. जांभ्यातल्या नैसर्गिक भोकांत टोकं बसवा, नाहीतर पायांना दोरी बांधा. यंत्राच्या पातळीचा बुडबुडा दर अर्ध्या तासाने पाहा, कारण तापलेल्या सड्यावर एक पाय केसभर घसरलेलाही डोळ्यांना दिसत नाही. प्रिझमचा (समोर धरलेल्या परावर्तकाचा) स्थिरांक यंत्रातल्या आकड्याशी जुळवा. प्रिझम उणे 30 मिलिमीटरचं असून यंत्रात शून्य राहिलं, तर प्रत्येक अंतर 3 सेंटीमीटरने चुकतं आणि सगळ्या कामात सारखंच चुकल्यामुळे लक्षातही येत नाही.

हद्दीचा दगड बहुतेकदा गडग्याच्या पायाशी गाडलेला सापडतो. गडगा पडून पुन्हा रचताना आत-बाहेर झालेला असू शकतो, तेव्हा वरच्या चिऱ्यांना हद्द समजू नका. मालकाला सांगून पायाशी हातभर उकरा. मिळालेल्या दगडाचं माप टिपणातल्या निदान दोन शेजारच्या दगडांपासून पडताळा.

यंत्र उचलण्याआधी मागचा बिंदू (ज्यावरून दिशा लावली तो) पुन्हा साधा. शंभर मीटरवर एका मिनिटाचा कोन 3 सेंटीमीटर होतो, तेव्हा 20 सेकंदांहून जास्त फरक आला तर त्या जागेवरून घेतलेली सगळी मापं पुन्हा घ्या.